ओलिताच्या रात्रींसाठी घरी बनवलेली टॉर्च

माझ्या मामांची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. झाडांचा ताण तोडून अंबिया बहाराचे पाणी सुरू झाले, की जानेवारीपासून मे अखेरपर्यंत त्यांना ओलितासाठी अनेकदा रात्री बागेत जावे लागते, कारण शेतीपंपाची थ्री-फेज वीज ठरावीक दिवशी रात्रीच्याच पाळीत येते. बाजारातून आणलेल्या टॉर्च त्यांनी पुष्कळ वापरल्या. खोक्यावर हजारो ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे एकूण उजेडाचे माप) लिहिलेले असत, पण पेटवल्यावर दोन-तीन मिनिटांतच उजेड उतरू लागे, आणि जो उरे तो इतका निळसर असे की वाळलेला पाला, माती आणि ओल यांतला फरक कळत नसे. ज्या बागेत घोणस निघते तिथे हा फरक कळणे फार गरजेचे असते. किती लांबचे दिसायला हवे, असे मी विचारले तेव्हा मामा म्हणाले, "दूरचं काय करू मी? पायापाशी काय पडलं आहे ते दिसलं पाहिजे." नागपूरला परतताना हे वाक्य माझ्या डोक्यात होते, आणि पुढे जी टॉर्च तयार झाली तिचा प्रत्येक भाग या वाक्याला धरून निवडलेला आहे.

ज्याला सोल्डरिंगचा थोडा सराव आहे, मल्टिमीटर वापरता येतो आणि तीन-चार रविवार द्यायची तयारी आहे, त्याला हे काम जमते. बहुतेक जण सुरुवात एलईडीपासून करतात: सर्वांत जास्त ल्यूमेनचा एलईडी शोधायचा आणि मग तो बसेल असे कवच पाहायचे. माझा अनुभव असा, की क्रम उलटा ठेवावा. निर्माण होणारी उष्णता कुठून आणि किती वेगाने बाहेर जाईल हे आधी ठरवावे, त्यावरून वीज किती खर्च करायची ते ठरवावे आणि एलईडी शेवटी निवडावा.

उष्णतेचा हिशेब

पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. चिपला दिलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा प्रकाश होऊन बाहेर पडतो आणि बाकीची वीज उष्णता होऊन चिपच्या तळाशी साचते. ही उष्णता धातूतून वाहून नेली नाही तर चिप तापते, चिप तापली की उजेड कमी होतो, आणि फार तापली तर ती कायमची खराब होते. साधा बल्ब आपली उष्णता बरीचशी किरणांच्या रूपाने समोर फेकतो, एलईडी ती पाठीमागे टाकतो, म्हणून जास्त उजेडाच्या टॉर्चमध्ये एलईडीच्या पाठीमागचा धातू हा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

आमच्या टॉर्चचा हिशेब असा होता. भरलेल्या सेलमधून ४ व्होल्टच्या आसपास २.८ अँपिअर प्रवाह घेतला, तर खर्च सुमारे ११ वॅट होतो. त्यातले ३ वॅट प्रकाशात जातात असे धरले, तर ८ वॅट उष्णता कवचात उतरते. कवचात १६० ग्रॅम अॅल्युमिनियम आहे आणि अॅल्युमिनियमची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला दर अंशामागे ०.९ ज्यूल आहे, म्हणजे कवच एका अंशाने तापायला १४४ ज्यूल लागतात, आणि ८ वॅटच्या हिशेबाने ते दर १८ सेकंदांना एक अंश तापते. मे महिन्यात नागपूरकडे रात्री नऊ-दहा वाजताही हवा ३५ अंशांच्या आसपास असते. तिथून ५५ अंशांपर्यंत पोहोचायला ३६० सेकंद, म्हणजे जेमतेम सहा मिनिटे लागतात. धातू ५५ अंशांच्या पुढे गेला की हातात धरवत नाही, म्हणून मी ती मर्यादा मानली.

हवेने होणारे थंडावणे यात धरलेले नाही, ते वेगळे पाहावे लागते. वारा नसताना टॉर्चच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला दर अंशामागे साधारण १० वॅट उष्णता हवेत जाते. आमच्या कवचाचे क्षेत्रफळ खाचांसह १९० चौरस सेंटिमीटर भरले, त्यामुळे ८ वॅटला कवच आजूबाजूच्या हवेपेक्षा सुमारे ४२ अंश वर जाऊन स्थिर होते. जानेवारीत काटोलच्या शिवारात रात्री १२ अंश असताना ही टॉर्च ५४ अंशांवर थांबेल, म्हणजे पूर्ण उजेडावर हवा तितका वेळ चालेल. मे महिन्यात मात्र ती ७७ अंशांकडे धावेल. म्हणून उजेडाच्या पायऱ्यांतली मधली पायरी पूर्ण उजेडाच्या एक तृतीयांश ठेवली. त्या पायरीवर उष्णता पावणेतीन वॅटच्या आसपास राहते आणि नवतपातही, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या दिवसांतही, कवच ५० अंशांच्या आत थांबते. टॉर्चच्या माहितीपत्रकातले आकडे बहुधा २५ अंशांच्या खोलीतले असतात. विदर्भातल्या वाचकाने ते आपल्या हवेत आणून मगच त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

ल्यूमेनच्या आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. टॉर्चसाठी प्रचलित असलेल्या अन्सी एफएल१ या मानकानुसार उजेड पेटवल्यापासून ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान मोजला जातो, म्हणजे तिसऱ्या मिनिटाला काय होते ते त्या आकड्यात येतच नाही. याच मानकात झोताचा पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स उरतो ते अंतर. हा साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड झाला. झोताची तीव्रता कँडेलात घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि दुप्पट करावे, की पल्ला मीटरमध्ये मिळतो. ४,००० कँडेलाच्या झोताचा पल्ला १२६ मीटर आणि २०,००० कँडेलाच्या झोताचा २८३ मीटर येतो. मामांच्या कामासाठी १०० मीटरही पुष्कळ होते, म्हणून लांबचा अरुंद झोत देणारा मोठा रिफ्लेक्टर मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला.

काय घ्यावे

एका मोठ्या एलईडीतून सगळा प्रवाह नेण्याऐवजी तीन लहान एलईडी समांतर जोडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.९३ अँपिअर येतो. कमी प्रवाहावर एलईडीची कार्यक्षमता वाढते आणि त्याला लागणारा व्होल्टही कमी होतो. मी निचिया कंपनीचे ५१९ए हे एलईडी निवडले. ते ३.५ मिलिमीटर चौरस आकाराचे असून त्यांचा रंग-निर्देशांक, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय, ९० च्या वर आहे. रंगतापमान, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा, ४,५०० केल्विनचे घेतले. हा आकडा जितका जास्त तितका उजेड निळसर. दुपारच्या उन्हात जसे रंग दिसतात त्याच्या जवळ जाणारा हा उजेड आहे. ६,५०० केल्विनचा आणि कमी सीआरआयचा एलईडी तेवढ्याच विजेत थोडे जास्त ल्यूमेन देतो हे खरे आहे, पण घोणशीच्या अंगावरचे तपकिरी गोल ठिपके वाळलेल्या संत्रापानांत त्या उजेडात विरून जातात आणि ४,५०० केल्विनच्या उजेडात उठून दिसतात. तीनही एलईडी एकाच प्रतवारीचे, शक्यतो एकाच पट्टीतून कापलेले घ्यावेत, कारण समांतर जोडणीत ज्याचा व्होल्ट कमी तो जास्त प्रवाह ओढतो.

हे एलईडी ज्या गोल चकतीवर बसतात ती २० मिलिमीटरची आणि तांब्याचीच असावी. स्वस्त चकत्या अॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांत एलईडीच्या खाली विद्युतरोधक थर असतो, जो उष्णताही अडवतो. तांब्याच्या चांगल्या चकतीत एलईडीच्या मधल्या तळपट्टीखाली हा थर काढलेला असतो आणि उष्णता सरळ तांब्यात उतरते.

ड्रायव्हर म्हणजे प्रवाह ठरावीक ठेवणारे लहान सर्किट. मी १७ मिलिमीटर व्यासाचा, ७१३५ जातीच्या आठ चिप असलेला ड्रायव्हर घेतला. यातली प्रत्येक चिप ३५० मिलीअँपिअर देते, आठ मिळून २.८ अँपिअर होतात. हा रेषीय ड्रायव्हर आहे, म्हणजे सेल आणि एलईडी यांच्या व्होल्टमधला फरक तो उष्णतेत घालवतो. बक जातीचा, म्हणजे व्होल्ट वाया न घालवता उतरवून देणारा ड्रायव्हर यापेक्षा कार्यक्षम असू शकतो. पण ७१३५ चा ड्रायव्हर साधा आहे आणि सहज दुरुस्त होतो. तीन एलईडींचा व्होल्ट ३ च्या आसपास असल्यामुळे सेल ३.१ व्होल्टपर्यंत उतरेतो उजेड एकसारखा राहतो, आणि मग एकदम न विझता हळूहळू मंद होतो. शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसासाठी हा गुण मला महत्त्वाचा वाटला. ड्रायव्हरवर अंडूरिलसारखे मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे सर्किट चालवणारा प्रोग्राम, चढवलेले मिळाले तर उत्तमच, कारण त्यात तापमानानुसार उजेड आपोआप उतरतो आणि ती मर्यादा आपल्याला बदलता येते.

सेल २१७०० आकाराचा, म्हणजे २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांबीचा. ५,००० मिलीअँपिअर-तास क्षमता आणि सतत ८-१० अँपिअर देण्याची ताकद असलेला सेल आपल्याला पुरतो. ५,००० भागिले २,८०० केले तर पूर्ण उजेडावर पावणेदोन तास आणि मधल्या पायरीवर पाच तासांहून अधिक वेळ मिळतो. बनावट सेलपासून मात्र फार सावध राहावे. जुन्या १८६५० आकाराच्या सेलवर ९,९०० मिलीअँपिअर-तास छापलेले दिसले तर तो आकडा खोटाच समजावा, कारण त्या आकारातल्या नावाजलेल्या सेलचीही क्षमता ३,५०० च्या आसपास असते. ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे वजनकाटा: खरा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या पुढे आणि खरा २१७०० सेल ७० ग्रॅमच्या आसपास भरतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल या कामाला वापरू नयेत.

राहिले भिंग, काच आणि स्विच. तीन एलईडींसाठी २० मिलिमीटरचे एकसंध प्लास्टिकचे भिंग मिळते. त्याचा दुधी पृष्ठभागाचा प्रकार घ्यावा, म्हणजे झोताच्या कडा सौम्य होतात आणि पायापासून पंचवीस-तीस पावलांपर्यंत उजेड सपाट पसरतो. सोल्डर, फ्लक्स, सिलिकॉनचे आवरण असलेली तार, थर्मल पेस्ट, स्प्रिंग या वस्तू सीताबर्डीतल्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. एलईडी, चकती, ड्रायव्हर आणि भिंग मी ऑनलाइन मागवले.

कवच आणि त्याचा पाट

आयती रिकामी कवचे विकत मिळतात आणि पहिल्या टॉर्चसाठी ती वापरण्यात काहीच कमीपणा नाही. मला जाड धातू हवा होता, म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करून घेतले. नकाशा साधा होता: नळीचा आतला व्यास २१.६ आणि बाहेरचा २७ मिलिमीटर, डोक्याचा व्यास आणि लांबी दोन्ही ४० मिलिमीटर, आटे एक मिलिमीटर पिचचे. डोक्याच्या आत, एलईडीची चकती आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये, ६ मिलिमीटर जाडीचा पाट ठेवायला सांगितला. हा पाट डोक्याच्याच धातूतून कोरलेला, अखंड असावा. "भाऊ, एवढा जाड पाट कशाला? वजन वाढते ना," असे लेथवरच्या कारागिराने विचारले. मी त्याला सांगितले, की या टॉर्चमध्ये वजनासाठीच पैसे देतो आहे, कारण तेच वजन पहिली काही मिनिटे उष्णता पोटात घेते. स्वस्त कवचांत या जागी पितळेची पोकळ डबी आट्यांनी बसवलेली असते आणि उष्णतेला त्या आट्यांच्या फटी ओलांडून जावे लागते.

धातूची निवडही विचार करून करावी. उष्णता वाहून नेण्याची क्षमता दर मीटर-अंशाला तांब्याची सुमारे ४०० वॅट, ६०६१ या जातीच्या अॅल्युमिनियमची १७० च्या आसपास, पितळेची ११० ते १२० आणि स्टेनलेस स्टीलची केवळ १५ च्या आसपास असते. इतवारीत तांब्याचे सुंदर गोळे पाहून मोह होतो, पण पूर्ण तांब्याची टॉर्च अॅल्युमिनियमच्या टॉर्चपेक्षा तिप्पट जड होते आणि रात्रभर हातात धरवत नाही. अॅल्युमिनियमच बरे.

कवचाला अॅनोडायझिंग करून घ्यावे. चकाकणारे उघडे अॅल्युमिनियम उष्णतेचे किरण फारच थोडे सोडते, अॅनोडायझिंगचा थर ते प्रमाण कित्येक पटींनी वाढवतो. हा थर विद्युतरोधक असतो, हे मात्र विसरू नये. शेपटीच्या आट्यांवर तो ठेवला तर झाकण पाव फेरा सैल करताच टॉर्च बंद होते आणि पिशवीत चुकून पेटत नाही. पण नळीच्या ज्या सपाट कडेवर स्विचचा भाग टेकतो ती कड पॉलिश पेपरने घासून उघडी करावीच लागते, नाहीतर सर्किट पूर्ण होत नाही.

जोडणी

एलईडी चकतीवर आधीच बसवून विकत मिळतात. स्वतः बसवायचे असतील तर जुनी, वाफेची नसलेली इस्त्री उलटी करून दोन विटांच्या मध्ये घट्ट बसवावी. चकतीच्या पट्ट्यांवर सोल्डर पेस्टचा अगदी पातळ थर लावावा, एलईडी चिमट्याने बाजूंनी धरून त्यावर ठेवावेत आणि वरच्या मऊ घुमटाला चिमटा लागू देऊ नये. धन-ऋण खूण जुळली आहे ना, हे भिंगातून पाहावे. मग चकती इस्त्रीवर ठेवून तापमान हळूहळू वाढवावे. शिसेयुक्त ६३-३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

तो क्षण नजर न हलवता पाहण्यासारखा असतो. करड्या रंगाची पेस्ट आधी ओलसर होते, कडांना फ्लक्सचा पिवळा थेंब सुटतो आणि मग एका श्वासात सगळे सोल्डर आरशासारखे चमकू लागते. त्याच वेळी एलईडी किंचित खाली बसून स्वतःच सरळ होतो. चिमट्याच्या टोकाने त्याला बाजूने केसभर ढकलावे. सोल्डर नीट वितळले असेल तर तो परत आपल्या जागी येतो, कारण वितळलेल्या धातूचा पृष्ठताण त्याला ओढून घेतो. तो परत आला नाही तर कुठेतरी सोल्डर धरलेले नाही. एलईडीच्या कडेवर हलका दाब दिला की खालचे जास्तीचे सोल्डर बारीक मण्यांच्या रूपात बाहेर येते. ते मणी नंतर काढून टाकावेत. इस्त्री बंद करून चकती न हलवता थंड होऊ द्यावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसावा आणि मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून तपासावे. तीनही एलईडी मंद आणि सारखेच उजळले पाहिजेत.

आता पाटाकडे वळू. त्यातून दोन तारा वर येतात, त्यासाठी दोन भोके पाडावी लागतात. माझी पहिली टॉर्च इथेच बिघडली. भोक पाडताना काठाला धातूची बारीक धार उभी राहते, तिला कारखान्यात बर म्हणतात. ती मी काढली असे मला वाटले, पण एका भोकाच्या काठाला ती केसभर उरली होती. चकती त्या बाजूने उचललेली राहिली, खाली थर्मल पेस्टचा जाड थर भरला गेला आणि बाहेरून सगळे व्यवस्थित दिसले. पूर्ण उजेडावर टाकल्यावर अर्ध्या मिनिटात एक एलईडी निळसर झाला आणि मग विझला. उष्णतेची वाट अडली की असे होते. तेव्हापासून मी भोकांचे काठ मोठ्या ड्रिलने हातानेच फिरवून खोलगट करतो, पाट ६०० आणि १,००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरवर सपाट काचेच्या आधाराने घासतो आणि चकती कोरडीच ठेवून बोटाने चारी बाजूंनी दाबून पाहतो. ती जराही डुलली तर पुन्हा घासतो. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच पुरते. तिचे काम केवळ सूक्ष्म खाचा भरणे हे आहे, कारण ती धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक असते.

तारांच्या टोकांना आधी कल्हई करून घ्यावी, म्हणजे चकतीवर सोल्डरचा डाग पटकन धरतो. तांब्याची चकती सोल्डरिंग आयर्नची उष्णता झरझर ओढून घेते, म्हणून ६० वॅटचे तरी आयर्न आणि रुंद टोक असावे. डाग बुटका ठेवावा आणि भिंगाच्या पायांना किंवा कवचाच्या भिंतीला तार टेकत नाही ना ते पाहावे. रिफ्लेक्टर वापरणाऱ्यांनी याबाबतीत दुप्पट काळजी घ्यावी, कारण त्याचा तळ धातूचा असतो आणि धन टोकाला टेकला की थेट शॉर्ट होतो. तिथे प्लास्टिकची गोल चकती हवीच. ड्रायव्हरच्या चिपही भरलेल्या सेलवर तापतात, त्यामुळे ड्रायव्हर आणि पाट यांच्यातली पोकळी मऊ थर्मल पॅडने भरावी. शेपटीच्या स्प्रिंगमधून २.८ अँपिअर जाताना थोडा व्होल्ट वाया जातो, म्हणून स्प्रिंगच्या आतून तांब्याची लवचिक वेणी दोन्ही टोकांना जोडून द्यावी. शेवटी काच, रबरी रिंग आणि पुढचे कडे बसवावे. कडे घट्ट आवळले की भिंग चकतीला पाटावर दाबून धरते, आणि या दाबाचा उष्णता वाहण्याला चांगला उपयोग होतो.

सेल घालण्यापूर्वी

पहिल्यांदाच सेल घालून बटण दाबू नये. लिथियम-आयन सेल शॉर्ट झाला तर क्षणात दहापट प्रवाह सोडतो. आधी मल्टिमीटरने धन तार आणि कवच यांच्यात जोडणी नाही याची खात्री करावी. मग प्रवाहाची मर्यादा ठरवता येणारा पॉवर सप्लाय ३.८ व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरवर ठेवून टॉर्च लावावी. उजेड आला आणि काहीही तापले नाही, तर मर्यादा हळूहळू ३ अँपिअरपर्यंत वाढवावी. हे पार पडल्यावरच सेल घालावा, शेपटीचे झाकण न लावता मल्टिमीटर १० अँपिअरच्या खुणेवर ठेवून सेलचे ऋण टोक आणि नळीची उघडी कड यांच्यात प्रवाह मोजावा. मल्टिमीटरच्या लांब, बारीक तारांमुळे आकडा थोडा कमी येतो, तेव्हा २.६ दिसले तरी काळजी करू नये.

उजेड तपासताना तो भिंतीवर टाकावा, थेट झोताकडे कधीही पाहू नये आणि लहान मुलांच्या हाती ही टॉर्च देऊ नये. पेटलेली टॉर्च तोंड खाली करून गादीवर किंवा काळ्या कापडावर ठेवली तर कापड करपू शकते. झोताची चाचणी मी अंबाझरीकडच्या मोकळ्या जागेत केली. सोनेगावच्या बाजूला राहणाऱ्यांनी झोत आकाशाकडे नेऊ नये, तिथे उतरणारी विमाने असतात. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या रस्त्यांवर जनावरांच्या डोळ्यांवर झोत मारून पाहण्याचा मोह कुणाला होत असेल तर तो आवरावा. ती जनावरे काही क्षण आंधळी होतात आणि रस्त्यावरच थबकतात.

सेल आणि आपला उन्हाळा

याबाबत मी घरच्यांनाही पुन्हा पुन्हा सांगतो. बहुतेक लिथियम-आयन सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश आणि वापराची ६० अंश दिलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे दुपारी टिनाच्या खोलीत सेल चार्जिंगला लावणे हे त्या मर्यादेबाहेरचे आहे. चार्जिंग पहाटे करावे किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत, पण कूलरच्या ओल्या झोतापासून दूर, फरशीवर आणि डोळ्यांसमोर करावे. बंद मोटारीच्या काचेमागे टॉर्च ठेवू नये. चार्जर ४.२ व्होल्टला स्वतः थांबणारा असावा. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत भरण्याचा प्रयत्न करू नये. ओलिताचा हंगाम संपला की सेल ३.७ व्होल्टच्या आसपास, अर्धा भरलेला ठेवावा.

सेलच्या प्लास्टिकच्या वेष्टनाकडे लक्ष असावे. संपूर्ण डबी, अगदी धन टोकाच्या भोवतालची कडसुद्धा, ऋण असते, त्यामुळे तिथले वेष्टन फाटले तर धन आणि ऋण यांत मिलिमीटरभरच अंतर उरते. सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात ठेवू नये, प्लास्टिकची डबी वापरावी. निकामी सेल कचरागाडीत टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

मामांची टॉर्च दोन हंगाम चालली आहे. जानेवारीत ते पूर्ण उजेड ठेवतात, एप्रिलनंतर मधली पायरी. या काळात एकदाच ती उघडावी लागली: शेपटीच्या स्विचवरचे रबर उन्हाने तडकले होते आणि आत ओल्या मातीचा कण गेला होता. रबर बदलले, आटे जुन्या टूथब्रशने साफ केले आणि रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावले. पेट्रोलजन्य ग्रीसने काही रबर फुगते, म्हणून सिलिकॉनचेच घ्यावे. हे काम आता दर वर्षी मृग लागण्यापूर्वी करून ठेवायचे ठरले आहे.